गाडीतली हाक

"बाबा, खाली ये ना. मी कधीची थांबलेय."

आवाज सुरू झाला आणि सचिवबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. आठवडा होत आला, तरी कानाला सवय होत नव्हती. दूतावासाच्या फाटकासमोर पोलिसांची काळी गाडी उभी होती. टपावर कर्णा, काचांना आतून पडदे. शाळा सुटायच्या सुमारास ती यायची आणि कर्ण्यातून एक पाच-सहा वर्षांची मुलगी बापाला हाका मारू लागायची. पार अंधार पडेपर्यंत.

बाप वरच्या मजल्यावर होता. दूतावासात सगळे त्याला पाहुणा म्हणत. कारखान्याच्या दवाखान्यात नोंदी लिहिणारा साधा कारकून. महिन्यापूर्वी कागदांची पिशवी पोटाशी धरून फाटकातून आत शिरला आणि त्यानं आश्रय मागितला. कारखान्याच्या पाण्यानं वस्तीतली तान्ही मुलं दगावली आणि दवाखान्यानं ती कागदावर जिवंत ठेवली, असं त्याचं म्हणणं. मुलं ठणठणीत आहेत, हा माणूस देशद्रोही आहे, त्याला आमच्या हवाली करा, असं त्याच्या सरकारचं म्हणणं. दोन्ही देश एकमेकांचे राजदूत परत पाठवायच्या बेतात होते.

घरी कोण आहे, असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कुणी नाही, म्हणाला होता. आणि आता ही लेक दारात.

राजदूत दुपारी फार बोलले नव्हते. "ज्यानं पोटची पोर लपवली, त्याच्या मेलेल्या मुलांवर मी कसा विश्वास ठेवू?" एवढंच म्हणाले आणि संध्याकाळी फाटक उघडून पाहुण्याला हवाली करतो, असा निरोप त्यांनी बाहेर धाडला. पाहुण्याला तयार ठेवायचं काम सचिवबाईंकडे आलं.

त्या जिना चढू लागल्या. आवाज भिंतीतून झिरपल्यासारखा बरोबर येत होता. सुरुवातीला फाटकावरचा शिपाई थट्टा करायचा, पोरगी गवय्याच्या घरची दिसते, घसा म्हणून बसत नाही. आता तोही गप्प झाला होता. सचिवबाईंची स्वतःची लेक याच वयाची. तिसऱ्या हाकेला तिचा सूर चढतो, चौथीला रडू येतं आणि पाचवीला ती स्वतःच येऊन पदर ओढते. ही मात्र शिंकत नव्हती, रुसत नव्हती. परवा धो धो पाऊस कोसळला, तेव्हाही तिची हाक तितकीच गोड होती. काल घरी आतल्या खोलीतून लेकीनं "आई" म्हणून साद घातली आणि सचिवबाई क्षणभर जागच्या हलल्याच नाहीत. पोटच्या पोरीची भीती वाटली, याची मग रात्रभर लाज वाटत राहिली.

पाहुणा खिडकीशी बसला होता, खोलीकडे पाठ करून. खिडकी बंद ठेवायचा नियम होता. त्यानं ती बोटभर उघडली होती.

सचिवबाईंनी राजदूतांचा निर्णय सांगितला. तो वळला नाही. मग त्यांना राहवेना. इतक्या दिवसांत तुमच्या डोळ्याला पाणी नाही, माणूस आहात की कोण, असं बरंच बोलून गेल्या. शेवटी म्हणाल्या, "निदान हात तरी हलवा. लेकरू आहे ते."

"लेकरू असतं तर हलवला असता," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. सलग नाही, बाहेरच्या दोन हाकांच्या मधे मधे. हाक आली की थांबायचा. मुलगी झाली होती. आठ महिन्यांची असताना गेली, त्याच पाण्यानं. पाठोपाठ तिची आईही गेली. दवाखान्यात हुकूम होता, की मेलेलं मूल नोंदीत मरता कामा नये. त्याला नोकरी सोडायचं धैर्य झालं नाही. दर वर्षी तिची उंची, तिचं वजन तो स्वतःच्या हातानं लिहायचा. अंदाजानं, थोडं थोडं वाढवत. एका वर्षी तिला ताप आल्याचं लिहिलं आणि त्या रात्री तो खरंच झोपू शकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद गोळा करायला सुरुवात केली. स्वतःच्या घरचं दूतावासात सांगितलं नाही, कारण दुःखानं डोकं फिरलेल्या बापाचं कोण ऐकतं?

सचिवबाईंना आता उलगडलं. त्या सरकारला ही मुलगी त्याच्याच दप्तरात सापडली होती. सहाव्या वर्षात, उंची-वजनासकट. खरी मुलगी हाताला लागेना, म्हणून तिचा आवाज कुठल्यातरी यंत्रातून घडवून आणला होता. स्वतःच्याच खोट्याला ते फसले होते. पाहुण्याच्या पिशवीत नव्हता असा पुरावा आठवडाभर रस्त्यावर उभा राहून ओरडत होता.

त्या दाराकडे धावल्या. राजदूतांना आत्ता, या क्षणी सांगायला हवं होतं. कडीला हात लावला आणि त्या थबकल्या.

"अहो, तुम्हाला पहिल्याच हाकेला कळलं होतं. गळ्याशी आलं तरी बोलला नाहीत. का?"

खाली मुलीनं पुन्हा हाक मारली. पाहुण्यानं बोट उचलून त्यांना गप्प केलं. हाक पूर्ण विरेपर्यंत कान देऊन ऐकली. मग खिडकी आणखी थोडी उघडली.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी हटवली असती, ताई. आणि आमची ती 'बाबा' म्हणायला शिकायच्या आतच गेली होती."