हौदावरच्या साती आसरा

औंधच्या डोंगरावर यमाईपुढं लावलेला कापूर वाऱ्यानं विझला. परत लावला.

साताऱ्याकडच्या एका स्टेशनात म्हैस रुळावर बसून राहिली. पलटणीची गाडी खोळंबली.

शेंदराची पुडी. आतल्या तेलानं कागद ओला.

बेचाळीस साल, मोठी लढाई. मिसर म्हणजे इजिप्तचं वाळवंट. एक हौद, पाणी खारट.

पहाटे लांब गेलेली एक लॉरी.

नाथाजी दुपारी पायीच चौकीवर पोचला तेव्हा सावलीला जागा उरली नव्हती. काटेरी तारेच्या आत चार तंबू, वाळूच्या पोत्यांच्या भिंती आणि कुणा जुन्या लोकांनी बांधलेला तो हौद. नानासो हवालदार घोंगड्याखालूनच म्हणाला, आता पड, इथले नियम सांजला सांगतो.

चुलतभाऊ केरबा भेटेल म्हणून नाथाजीनं सारी वाट काढली होती. केरबा पहाटेच गस्तीच्या लॉरीवर गेला होता. दिवस मावळायला परतायचा होता. पहाऱ्यावर आटपाडीचा धुळा होता. या मुलखात नुसती मेंढरं कमी हायेत, बाकी सगळं आमच्याकडचंच, असं तो म्हणाला. मग म्हणाला, केरबाचं पोट आल्यापासून ठिकाणावर नाही, हौदाचं पाणी त्याला सोसत नाही, तसाच गेलाय.

नाथाजीनं पुडी बाहेर काढली. निघताना केरबाच्या आईनं, राहीबाईनं, ती दिली होती. ज्या पाण्यावर राहाल तिथं आधी आसरा मांडा, केरबानं मांडल्या नसणार, त्याला कुठली शुद्ध, असं बजावलं होतं. गावाकडं विहिरीवर, डोहावर या सातजणी सात दगडांच्या रूपानं बसतात. त्यांना न पुजता पाणी प्यालं की ते बाधतं.

पण चौकीत दगड नव्हता. सगळी वाळू.

दगड फाटकाबाहेर होते. चुन्यात बुडवलेले, ओळीनं मांडलेले, पार लांबवर गेलेले. बेळगावच्या छावणीत साहेबाच्या बंगल्यापुढं असेच असायचे, शोभेला. नाथाजी फाटकातून बाहेर गेला. जरा गोल बघून त्यानं मधले मधले सात उचलले. पहाऱ्यावरचा धुळा आभाळ बघत होता. विमानं तिकडून येत.

उन्हं कलली. माणसं तंबूतून बाहेर आली आणि हौदाच्या काठावर सात लाल दगड बघून थांबली. दहीभात कुठला मिळणार. नाथाजीनं पुढं बिस्किटं ठेवली होती. कुणी हसलं नाही. एकानं चिमूटभर साखर आणून वाहिली. नानासो हवालदारानं बूट काढले, डोळे मिटले आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. लय दिसांनी कुणाला तरी सुचलं, म्हणाला.

मग त्यानं डोळे उघडले. शेंदूर मागच्या बाजूला लागला नव्हता. तिथून चुना दिसत होता.

"दगड कुठनं आणलंस?"

"फाटकाभायेरच्या वळीतलं, हवालदार."

नानासोनं बूट परत घातले नाहीत. तसाच अनवाणी फाटकाकडं चालत गेला, मागोमाग सगळे. जाता जाताच त्यानं सांगून टाकलं. तारेबाहेर चारी बाजूला सुरुंग पुरलेत. माणसाच्या वजनाला ते फुटत नाहीत, लॉरीच्या फुटतात. मधून एकच वाट सोडलीय, तीही मुद्दाम वळणावळणाची. चाकोऱ्या वारा रोज पुसतो. ड्रायव्हर दगडांची ओळ डाव्या चाकाशी धरून आत येतो, दुसरी खूण नाही.

लॉरीची धूळ दिसत होती. सुरुंगांच्या पलीकडच्या कडेला येऊन पोचली होती.

नानासोनं दुर्बीण लावली. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. सातच गेलेत, म्हणाला. बाकीचे जागेवर आहेत, ओळ तुटलेली नाही, ड्रायव्हर जाणता आहे.

"आसरांनी आपलं सात घेतलं आन् बाकीचं केरबाला ठेवलं," धुळा म्हणाला. दोघं तिघं हसले.

"हवालदार," नाथाजी म्हणाला, "आनि येक..."

"गप ऱ्हा. तुजं मागनं बघतो."

लॉरी ओळीच्या टोकाशी हळू झाली. दिवे लावायचे नाहीत असा हुकूम होता. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं होतं आणि तो खाली दगडांकडं बघत होता. मागं माणसं उभी होती. त्यातल्या एकानं फाटकाशी जमलेली गर्दी बघून हात वर केला. इतक्या लांबून तो केरबा की दुसरा कुणी, हे सांगता आलं नसतं.

पहिला दगड चाकामागं गेला. दुसरा गेला. लॉरीनं वेग धरला.

नानासोनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पुसली, परत लावली.

"आज लय सरळ येतोय रं ह्यो," तो म्हणाला.

नाथाजीनं काटेरी तार मुठीत धरली होती.

दुपारी सात दगड उचलून झाल्यावर मागं उरलेली ओळ त्याला वाकडीतिकडी वाटली होती. घरी उसाची सरी वाकडी गेली तर तो ती मोडून परत पाडायचा. त्यानं ओळ सरळ केली होती.