गुरुवारचा शर्ट

रविवारी मी पाच दिवसांचे शर्ट इस्त्री करून कपाटात वारांप्रमाणे टांगतो. मग आठवडाभर डोक्याला ताप नाही. बाकीची कामंही अशीच वारांवर वाटलेली.

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. "आज येऊन जातोस का रे?"

"आज कसं जमेल, आई? गुरुवार तुझाच ठेवलाय."

"डॉक्टरांसारखा वार दिलास होय मला!" ती हसली. मला ते लागलं, तरी मीही हसलो.

कपाट उघडलं, तर गुरुवारचा निळा शर्ट चुरगळलेला. इस्त्री करायचा राहिला असेल, म्हणून इस्त्री फिरवून परत टांगला आणि कामावर गेलो.

घरात मी एकटाच राहतो. संध्याकाळी शर्ट पुन्हा चुरगळलेला होता. या वेळी उजवी बाही ओली होती, कुणी डोळे पुसावेत तशी. कापडाला आईच्या खोलीतल्या बामाचा वास येत होता.

मला राहवेना. मी फोन लावला. "आई, आत्ता निघतोय. जेवायलाच येतो."

"आता परत कशाला दमतोस?" ती म्हणाली. "पण मघाशी इथे माझ्याजवळ बसून एवढा का रडत होतास रे? मी इतक्या हाका मारल्या, तुला ऐकूच येईना."