भिंतीला भोक

चक्रीवादळ दोन दिवसांवर आलेलं, आणि सोळा वर्षांची डेल्फीन घराच्या भिंतीला बेधडक भोक पाडत होती. जनरेटर जोडायला बाहेरून वेगळं सॉकेट बसवायचं म्हणून.

झिंग्यांनी ठासून भरलेल्या फ्रीजरवर मामा पाय हलवत बसला होता. "कशाला ही उठाठेव, बाईसाहेब? दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कर नि खुपस घरातल्याच सॉकेटमध्ये. अख्खं लुइझियाना तेच करतं."

"माझ्या जोडणीत मेन स्विच बंद केल्याशिवाय जनरेटर घराला वीज देतच नाही. तुझ्या वायरीत कुणी ते विसरलं, तर वीज उलटी खांबावरच्या तारांत शिरते."

"शिरू दे. वादळानंतर खांबावर कोण असतं मरायला?"

"तारा जोडायला चढलेली माझी आई. तुझी सख्खी बहीण," डेल्फीन म्हणाली आणि तिनं ड्रिल पुन्हा भिंतीत घुसवलं.