लाल ठिपका

रायफलीचं वाकलेलं, गोळ्या भरायचं मॅगझिन ठोकून सरळ केलं की हवालदार मडावी त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. पोलिसांच्या शस्त्रागारात तो ठिपका म्हणजे त्यांची सहीच होती.

आज चकमकीत मारल्या गेलेल्या शिपायाची रायफल परत आली. दोनच गोळ्या सुटल्या होत्या, बाकीच्या मॅगझिनमध्ये तशाच अडकून होत्या. मडावींनी मॅगझिनवरचा वाळलेला चिखल अंगठ्याने पुसला. खाली लाल ठिपका होता.

मग मांडणीवरचं लाल ठिपक्याचं एकूण एक मॅगझिन काढून भंगाराच्या पेटीत टाकू लागले.

"अहो मडावी, नवी यायला दोन महिने लागतील," साहेब धावत आले. "यातली निम्मी तरी चालतील की!"

मडावींचा हात थांबला नाही.

"हेही चालेल म्हणूनच त्याला दिलं होतं, साहेब."