जाळीवरचा कागद

या महिन्यात जीप तिसऱ्यांदा उकळली, आणि या वेळी तर ती जागची हललीही नव्हती. क्वार्टरच्या दारात नुसती चालू ठेवलेली, अर्ध्या तासात बॉनेटखालून वाफ.

"बंद कर," दामोदर म्हणाला.

यल्लाप्पाने इंजिन बंद केलं. लढाईच्या काळातली गाडी ती, चारही चाकांना जोर असलेली. चिखलात रुतलेल्या बैलगाड्या ओढून काढायची. आता दारातच धापा टाकत होती.

दामोदरची बायको हेमलता पायरीवर उभी होती. खांद्यावर चार महिन्यांचं बाळ. त्याचा आत्ताच कुठे डोळा लागला होता. तिचा तीन रात्री लागला नव्हता.

दामोदरच्या हातात ऑफिसचा छापील कागद होता. एकेक ओळ त्याने खोडत आणली होती. पाणी भरलेलं. पंख्याचा पट्टा नवा. रेडिएटर आतून दोनदा धुतलेला. थर्मोस्टॅट तर काढूनच टाकलेला. आता शेवटची ओळ उरली होती: चालकाची हयगय.

"यंत्रात दोष नाही, यल्लाप्पा. मग कुठे आहे ते तू सांग. संध्याकाळी हा कागद वर जायचाय."

कागद वर गेला की यल्लाप्पा जीपवरून खाली येणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. मग फाटकाशी स्टूल टाकून बसायचं. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाने.

"स्वल्प थांबा की साहेब, गार तर होऊ दे तिला. अक्का, एक जुना पेपर द्या बघू."

गाडी निवाली तशी दामोदरने ती पुन्हा चालू केली. यल्लाप्पाने पेपरचं पान पुढच्या जाळीवर धरलं आणि हात सोडला. वरच्या बाजूला पान चिकटून राहिलं. आतला पंखा वारा ओढत होता. मग त्याने ते खाली धरलं. पान घसरून मातीत पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं.

"हितं श्वासच न्हाई हिला," तो म्हणाला.

गाडी बंद करायला लावून तो कुशीवर आडवा झाला. वाकवलेली तार जाळीतून आत घालून त्याने रेडिएटरच्या अंगाला चिकटलेला एक थर ओढून काढला. बाहेरून नुसता चिखल. तळहातावर चोळला तर आत पिवळं. एक सुताचा धागा. यल्लाप्पाने मूठ मिटली आणि एकदाच पायरीकडे बघितलं.

"काय निघालं?"

"गवत, साहेब. शेतातनं जातो न्हवं आपण."

"गवत काढायचं काम कुणाचं?"

"माझंच की."

दामोदरने पेनाचं टोपण काढलं.

हेमलताला आत जाता आलं असतं. बाळाला पाळण्यात टाकायचंच होतं.

"शेवंती आहे ती," ती म्हणाली.

दामोदरने मान वळवली. सरकारी गाडी आहे, हार-नारळ काही नको, हे त्याने खंडेनवमीलाच बजावलं होतं.

"तुम्ही दौऱ्यावर निघता त्या पहाटे मी माळ बांधते जाळीला. तुमची दाढी चाललेली असते तेव्हा."

"मला तर कधी दिसली नाही."

यल्लाप्पा अजून खालीच बसला होता. "हेब्बाळच्या तळ्यापाशी मी हवा बघायला उतरतो न्हवं? चाकातली हवा काय दर खेपेला बघायला लागती होय, साहेब? तेवढ्यात माळ काढून पाण्यात सोडतो. तंवर पंख्यानं पाकळ्या खाल्लेल्या असतात, तेवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"कधीपासून चाललंय हे?"

"बाळ सहा दिवसांचं होतं," हेमलता म्हणाली. "तुम्ही आनेकलकडे अडकलात. दोन दिवस निरोप नव्हता." बाळाचं डोकं घसरलं, ते तिने गालाने सावरलं. "तेव्हापासून."

दामोदरने बॉनेटवर कागद ठेवून शेवटच्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं, 'रेडिएटरपुढे फुलांचा कचरा साचलेला. चालकाचा दोष नाही.' सही केली. सही करून झाल्यावर 'कचरा' खोडलं आणि वर 'पाकळ्या' असं बारीक अक्षरात लिहिलं.

"वरची मंडळी विचारतील, साहेब. फुलं कुणाची म्हणून."

"विचारू देत. माझ्या घरची म्हणून सांगेन."

त्याने कागदाची घडी घातली. हेमलताकडे न बघताच तो म्हणाला, "सोमवारी पहाटे पाचला निघायचंय. स्टेपनीला बांध. मागे पंखा ओढत नाही."