शून्य मिनिटांचा डाइव्ह

सिडनीजवळच्या समुद्रात बोट मला सोडून निघून गेली. आईने विचारलं तर असं काही घडलेलं नाही.

अ‍ॅडव्हान्स्ड डायव्हिंगच्या सर्टिफिकेटसाठी माझा एकच डाइव्ह उरला होता, पाण्याखालच्या गुहेतून सुळक्यापर्यंत. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, ही आईची शिकवण. म्हणून उडी मारताना बोटीवर हजेरी घेणाऱ्या ग्लेनला म्हणालो, "कमिंग, मेट." त्याने माझ्या नावापुढे 'परत आला' अशी खूण केली.

मला एका मच्छीमाराने धक्क्यावर आणून सोडलं. ग्लेन तिथेच होता.

"सर्टिफिकेट?" मी विचारलं.

"यादीप्रमाणे तू शून्य मिनिटं पाण्यात होतास, मेट."

तरी विनंती की, हजेरीपत्रकात 'गेला' आणि 'परत आला' यांच्यामध्ये 'जाऊन येतो' असा रकाना तातडीने सुरू करण्यात यावा.