कार्ड कुणी काढलं?

“कार्ड दिसतच नाहीये त्याला,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत, लॅपटॉप दुरुस्त करणारे. यंत्राला हात लावण्याआधी ‘कधीपासून होतंय, आधी काय झालं होतं’ असं खोदून खोदून विचारायची खोड, म्हणून अख्खी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची.

“कुणाला दिसत नाही?” ताईंनी विचारलं. ताई साठी उलटलेल्या. नवरा जाऊन वर्ष होत आलेलं, आणि लॅपटॉप त्याच्याच वापरातला.

“लॅपटॉपला. वाय-फाय ज्याच्यावर चालतं ते कार्ड आत असतं. पण असं काही आपल्या पोटात आहे, हे ह्याच्या गावीच नाही.”

“मग काहीतरी करा बाई. रविवारपासून मेसेज आलेला नाही.”

“कुणाचा?”

“ह्यांचा.”

डॉक्टरांची बोटं थबकली. ताई मात्र भाजी निवडता निवडता बोलावं तशा सांगत होत्या. रोज दिवेलागणीला ह्या लॅपटॉपवर नवऱ्याच्या नावानं मेसेज यायचा. बाजूला नवऱ्याचा फोटो, आणि दोनच शब्द. ‘जेवलीस का?’

धंद्यात काय काय ऐकावं लागतं, असं मनाशी म्हणून डॉक्टरांनी पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

खिडकीशी ताईंचा मुलगा उभा होता. तिशीतला, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला.

“हा एवढा शिकलाय,” ताई म्हणाल्या, “पण घरच्या यंत्राला हात लावेल तर शपथ! आणि माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी.”

“जुना झालाय तो, आई. देऊन टाक कुणाला तरी,” मुलगा बाहेर बघतच म्हणाला.

डॉक्टरांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. विमान मोड तपासला. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून नव्यानं घातला. सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन कार्ड तिथूनच कुणी बंद केलंय का, तेही पाहिलं. लॅपटॉप ढिम्म. शेवटी त्यांनी तो पालथा घातला, स्क्रू काढले आणि पाठ उघडली.

कार्डाची जागा रिकामी होती.

अँटेनाच्या दोन बारीक वायरी मोकळ्या पडल्या होत्या. दोन्हींच्या टोकांना नीट चिकटपट्टी गुंडाळलेली, कुठे टेकू नयेत म्हणून. हे काम जाणत्या हाताचं होतं. डॉक्टरांनी मान वर केली तर मुलगा त्यांच्याकडेच बघत होता.

ताई चहा टाकायला आत गेल्या. मुलगा झटकन जवळ आला.

“काका, पाया पडतो तुमच्या. दुरुस्त होत नाही म्हणून सांगा.”

“कार्ड तू काढलंस?”

“हो. बंद व्हायला पाहिजे हे. मला आता सहन होत नाही.” एवढं बोलून तो जिना उतरून खाली गेला.

डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! म्हणजे बापाच्या नावानं हाच लिहीत होता तर. आईला बरं वाटावं म्हणून सुरू केलं असणार, आणि आता गळ्याशी आलं. त्यांना पोराचा राग आला आणि कीवही आली. पण बाईंना तोंडावर खोटं सांगायचं कसं?

ताई चहा घेऊन आल्या. लॅपटॉपच्या उघड्या पाठीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“त्यानंच काढलंय ना?”

डॉक्टर स्क्रू गोळा करायला लागले.

“मला काय कळत नाही होय? अहो, सगळ्या संसारात ह्यांनी कधी विचारलं नाही हो, जेवलीस का म्हणून! ताट पुढ्यात आलं की जेवायचे, हात धुवायचे, उठायचे. हे माझं पोरगंच लिहितंय. पहिल्याच दिवशी ओळखलं मी.” त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. “तोंडानं विचारायची लाज वाटते त्याला, म्हणून बापाच्या आडून विचारतो. तेवढंच बोलणं उरलंय हो आमच्यात. ते तोडू नका, डॉक्टर. लावून द्या.”

डॉक्टरांच्या बॅगेत त्याच मापाचं एक कार्ड होतं. त्यांनी चिकटपट्ट्या सोडवल्या, कार्ड बसवलं, वायरी खटकन दाबल्या आणि लॅपटॉप चालू केला. या वेळी कार्ड दिसलं. ताईंनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

खाली जिन्याच्या तोंडाशी मुलगा उभा होता.

“बसवलंत?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“बसवलं. धर ही.” डॉक्टरांनी आपली जड बॅग त्याच्या दोन्ही हातांत दिली आणि खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागले. “अरे वेड्या, तिला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. बापाचं नाव कशाला हवंय तुला? सरळ वर जा, शेजारी बस आणि विचार तिला.”

“काय विचारू?”

तेवढ्यात वरच्या खिडकीतून टिंग असा आवाज आला. पाठोपाठ ताईंचं हसू ऐकू आलं.

“जेवते रे बाळा, आत्ता बसतेच!”

डॉक्टर हसत मुलाकडे वळले. त्याच्या दोन्ही हातांत अजून बॅगच होती. तो खिडकीकडे टक लावून बघत होता.

“काका, मी भ्यायलो म्हणून कार्ड काढलं होतं,” तो म्हणाला. “मी आईला कधी एक अक्षरही लिहिलेलं नाही.”